काळी सातेरी : वेगळी जात की वेगळा रंग?

डिसेंबर २०२२ मध्ये अनेक वर्तमानपत्रांत एक बातमी ठळकपणे आली होती. पश्चिम घाटात मधमाशीची नवी जात सापडली, भारतातील मधमाशीला असे नवे नाव मिळण्याचा योग २२४ वर्षांनी आला, आणि जगातील मधमाश्यांच्या जातींची संख्या आता अकरा झाली, असा त्या बातमीचा मथितार्थ होता. बातमी वाचून विद्यार्थ्यांनी वर्गात प्रश्न विचारले असतील, तर ते स्वाभाविकच आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतून आग्या, सातेरी, फुलोरी आणि बाहेरून आणलेली युरोपीय माशी अशी चार नावे वर्षानुवर्षे शिकवली जातात. त्यात ही पाचवी कोठून आली? ती आपल्याकडे आहे का? आणि 'नवी' म्हणजे नेमके काय?

या बातमीच्या मुळाशी असलेला शोधनिबंध केरळमधील एस. शानास, जी. अंजू कृष्णन आणि के. मशूर यांचा आहे. तो 'एन्टोमॉन' या कीटकशास्त्राच्या नियतकालिकात सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन गोष्टी केल्या. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९८ साली दिलेले 'एपिस इंडिका' हे नाव पुढे 'एपिस सेराना' या जातीत विलीन झाले होते. ते त्यांनी स्वतंत्र जात म्हणून पुन्हा उभे केले. आणि पश्चिम घाटातील काळपट सातेरीला 'एपिस करिंजोडियन' असे नवे नाव दिले. करिंजोडियन हे या माशीचे मल्याळी बोलीतले नाव आहे. गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूचा काही भाग हा तिचा प्रदेश सांगितला गेला. त्यांच्या मांडणीनुसार मूळची सेराना भारतात फक्त हिमालयाच्या पट्ट्यात उरते.

म्हणजे राधानगरीच्या एखाद्या मधपाळाच्या पेटीतली सातेरी आता 'एपिस सेराना इंडिका' राहिली नाही. ती इंडिका तरी असेल, नाहीतर करिंजोडियन. मात्र महाराष्ट्राचे नाव त्या यादीत नाही. गोव्याच्या हद्दीपर्यंत आलेली माशी दोडामार्ग-सावंतवाडीपाशी थबकते, असे कोणी म्हणणार नाही. राज्यांच्या सीमा माशीला कळत नाहीत. तेव्हा हा निबंध आपल्या दाराशी येऊन थांबला आहे, आणि म्हणूनच तो आपण बारकाईने वाचायला हवा.

प्रथम बातमीबद्दल दोन शब्द. ही माशी कोणा संशोधकाला घनदाट जंगलात अवचित आढळलेली नाही. दक्षिणेतल्या मधपाळांना 'काळी' आणि 'पिवळी', 'डोंगरी' आणि 'मैदानी' असा सातेरीतला भेद कित्येक पिढ्यांपासून ठाऊक आहे. जुने आहे ते प्राणी. नवे आहे ते नाव आणि त्या नावामागचा दावा. शिवाय बऱ्याच मराठी बातम्यांत 'नवी प्रजाती' असे छापून येते. आपल्या परिभाषेत 'जाती' ही वर्गीकरणाची पायाभूत पायरी आणि तिच्या वरची पायरी म्हणजे 'वंश' किंवा 'प्रजाती'. एपिस हा वंश. सेराना, इंडिका, डॉर्साटा या त्यातल्या जाती. नवा वंश सापडणे आणि नवी जात सापडणे यांत महदंतर आहे. शिक्षकाने तरी हा घोळ वर्गात शिरू देऊ नये.

आणि 'अकरा' या आकड्याचे काय? मधमाशीच्या जाती किती, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. १९५३ साली मा या वर्गीकरणतज्ज्ञाने चोवीस जाती मोजल्या होत्या. पुढे हवा बदलली आणि १९८० पर्यंतच्या बहुतेक पुस्तकांत चारच जाती उरल्या. १९९९ मध्ये एंगेल यांनी सात मानल्या. या काळात माश्या काही चोवीसाच्या चार आणि चाराच्या सात झाल्या नाहीत. बदलत गेला तो 'जात कशाला म्हणायचे' याबद्दलचा निकष आणि हाती असलेला पुरावा. म्हणून 'अकरा' हा आकडा फळ्यावर लिहिताना त्याच्याशेजारी 'कोणाच्या मते' हेही लिहावे.

आता निबंधाच्या गाभ्याकडे वळू. लेखकांनी दुहेरी आधार घेतला आहे: पंखावरील शिरांच्या लांबीचे एक गुणोत्तर, आणि तंतुकणिकेतील म्हणजे मायटोकाँड्रियातील डीएनए. यांतील पहिला आधार रंगापेक्षा निश्चितच भक्कम आहे. रंगावर जात ठरवणे धोक्याचे असते. जपानमधील सेराना माश्यांवर असे दिसून आले आहे, की कोशावस्थेत तापमान कमी राहिले तर माशी अधिक काळपट निपजते. एकाच राणीच्या लेकी हवामानानुसार उजळ किंवा काळ्या होऊ शकत असतील, तर थंड डोंगरावरची माशी काळी आहे एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. शिरांच्या लांबीचे गुणोत्तर माशीच्या आकारावर फारसे अवलंबून नसते आणि ते बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. गुणोत्तराची ही कल्पना जुनीच आहे. पुढच्या पंखातील एका कप्प्याच्या तळाची शीर जोडशिरेमुळे दोन तुकड्यांत विभागली जाते; मोठ्या तुकड्याला लहानाने भागले की 'क्युबिटल निर्देशांक' मिळतो. युरोपीय माशीत तो साधारण दोन-तीनच्या आसपास असतो, सातेरीत त्याहून बराच जास्त. केरळच्या संशोधकांनी याच जातकुळीतला 'रेडिओ-मेडिअल निर्देशांक' सुचवला आहे. हे मोजमाप शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखालीही करता येण्याजोगे आहे, हा त्यांच्या कामाचा मोठा गुण. जनुकांची भाषा बोलणारे निबंध पुष्कळदा सामान्य अभ्यासकाला दाराबाहेर ठेवतात; हा तसे करीत नाही.

दुसरा गुण असा की, इंडिका ही वेगळी असावी, हे म्हणणे एकट्या या निबंधाचे नाही. १९९६ मध्ये स्मिथ आणि हेगन यांनी आशियाभरच्या सेराना माश्यांच्या तंतुकणिकेतील डीएनए तपासला, तेव्हाच भारतातील पिवळ्या मैदानी माशीची शाखा इतरांपासून अलग पडली होती. २००६ मध्ये ओल्डरॉइड, रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या काळ्या आणि पिवळ्या माश्यांचे नर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मीलनासाठी उडतात, असे दाखवले. २०१० मध्ये लो आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरून वंशवृक्ष मांडून इंडिका ही ग्राह्य जात असल्याचे म्हटले. तेव्हा '२२४ वर्षे कोणाच्या लक्षातच आले नाही' असा जो सूर बातम्यांत होता, तो बरोबर नाही. पिवळी माशी वेगळी, या विधानामागे मोजमापे, डीएनए आणि वर्तन असे तीन वेगळे साक्षीदार आहेत. आमच्या मते हा भाग आता बऱ्यापैकी पक्का मानायला हरकत नाही.

खरी अडचण काळ्या माशीची आहे. येथे दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की सगळाच गोंधळ होतो. काळी ही पिवळीहून वेगळी आहे का, हा पहिला. काळी ही हिमालयातल्या आणि त्यापलीकडच्या सेरानाहून वेगळी आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'हो' आले म्हणून दुसऱ्याचे आपोआप 'हो' येत नाही. उलट, तंतुकणिकेच्या डीएनएवरील आधीच्या अभ्यासांत भारतातील काळी डोंगरी माशी आशिया खंडाच्या मुख्य भूमीवरील सेरानाच्या गटातच जाऊन बसली होती. वेगळी पडली होती ती पिवळी. म्हणजे करिंजोडियन ही स्वतंत्र जात ठरवायची, तर तिला पिवळ्या शेजारणीपासून नव्हे, तर हिमालयातल्या बहिणीपासून वेगळे करून दाखवावे लागेल. ही पैज मोठी आहे. ती जिंकण्यासाठी तंतुकणिकेतला डीएनए आणि पंखांचे गुणोत्तर एवढे भांडवल पुरेसे नाही, असे आम्हाला वाटते.

का पुरेसे नाही, हे समजून घेण्यासाठी तंतुकणिकेचा स्वभाव पाहू या. पेशीतला बहुतेक डीएनए केंद्रकात, गुणसूत्रांवर असतो. पण तंतुकणिकांचा स्वतःचा एक छोटा डीएनए असतो. मधमाशीत त्याची लांबी सुमारे सोळा हजार अक्षरे. त्यातल्या एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून प्राण्याची जात ओळखता येईल, अशी कल्पना हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कॅनडातून मांडली. दुकानातल्या मालावरच्या रेघांच्या पट्टीवरून तिला 'डीएनए बारकोड' म्हणतात. ही रीत स्वस्त आहे, वेगवान आहे आणि तिने खूप चांगले काम केले आहे. युरोपातील पांढऱ्या शेपटीच्या भुंगेरी माश्यांचे उदाहरण घ्या. लुकोरम, क्रिप्टारम आणि मॅग्नस या तीन जातींच्या कामकरी माश्या नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाहीत. बारकोडने त्या वेगळ्या पडतात. पण तेथेही नुसता बारकोड नव्हता. नरांच्या गंधद्रव्यांतला फरकही त्याच्याशी जुळला, म्हणून तो निष्कर्ष टिकला.

तंतुकणिका फक्त आईकडून येतात. मधमाशीत तर ही गोष्ट फारच ठसठशीत दिसते. पोळ्यातल्या हजारो कामकरी माश्या एका राणीच्या लेकी. त्यामुळे त्या सर्वांचा तंतुकणिकेतला डीएनए एकच. पोळ्यातून एक माशी उचलली की त्या पोळ्याच्या मातृकुळाचा दाखला मिळाला. मात्र राणी अनेक नरांशी मीलन करते, आणि त्या बापांबद्दल हा दाखला एक अक्षरही बोलत नाही.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे. समजा, मैदानातली एक पिवळी राणी पेटीतून डोंगरावर नेली आणि तिच्या वंशातल्या नव्या राण्या दर पिढीला स्थानिक काळ्या नरांशीच जुगल्या. पहिल्या पिढीतल्या राणीत केंद्रकातले निम्मे जनुक पिवळ्या आजोळचे. दुसरीत पाव. दहाव्या पिढीत १/१०२४. म्हणजे अंगाने, रंगाने, सवयीने ती पूर्ण काळी झाली. पण तिची तंतुकणिका? ती अजून शंभर टक्के पिवळी! बारकोड तिला 'इंडिका' म्हणेल आणि डोळे 'करिंजोडियन'. अशा वेळी खरे कोण? दोन्ही गटांत मीलन होतच नाही, हे आधी माहीत असेल तरच बारकोडवर विसंबता येते. नेमकी तीच गोष्ट सिद्ध करायची असताना बारकोडला एकमेव साक्षीदार करणे म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे होय.

प्रयोगशाळेतली आणखी एक खाच आहे. तंतुकणिकेतल्या डीएनएचे तुकडे उत्क्रांतीच्या ओघात केंद्रकात जाऊन चिकटतात. मधमाशीच्या केंद्रकात असे तुकडे इतर अनेक कीटकांपेक्षा फार जास्त आहेत. युरोपीय मधमाशीचा संपूर्ण जनुकसंच २००६ मध्ये वाचला गेल्यावर हे स्पष्ट झाले. निष्काळजीपणे काम केले, तर खऱ्या तुकड्याऐवजी ही केंद्रकातली निकामी नक्कल वाचली जाते आणि नसलेला फरक दिसू लागतो. केरळच्या निबंधात असे झाले, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण 'डीएनएने सिद्ध झाले' हे वाक्य ऐकल्यावर 'कोणत्या डीएनएने?' हा प्रश्न विचारण्याचे हे आणखी एक कारण.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा नमुन्यांचा आहे. दोन गटांतल्या डीएनएमध्ये किती टक्के फरक असला म्हणजे दोन जाती? दोन-तीन टक्क्यांचा एक ठोकताळा वापरला जातो, पण तो ठोकताळाच आहे, निसर्गाचा नियम नव्हे. आणि फरक किती दिसतो हे आपण नमुने कोठून गोळा केले, यावर अवलंबून असते. बोलीचे उदाहरण पाहा. कोल्हापुरातल्या चार आणि मालवणातल्या चार माणसांची बोली ध्वनिमुद्रित केली, तर दोहोंत स्पष्ट दरी दिसेल. पण कोल्हापूरहून फोंडा घाटाकडे गावोगाव थांबत, ऐकत गेलो, तरच कळेल की बोली हळूहळू बदलत गेली की घाटाच्या एका वळणावर एकदम बदलली. केरळ आणि हिमाचलचे नमुने समोरासमोर ठेवले तर अंतर दिसणारच. मधले दीड-दोन हजार किलोमीटर रिकामे असतील, तर ते अंतर दोन जातींमधले आहे की एकाच जातीच्या दोन टोकांमधले, हे कसे ठरवायचे? त्या रिकाम्या जागेत आपला महाराष्ट्र येतो.

येथे राधानगरीचे महत्त्व ध्यानात येईल. कोल्हापूर शहर दख्खनच्या पठारावर. तेथून पश्चिमेला निघाले, की राधानगरी, मग गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले दाजीपूर, आणि पुढे फोंडा घाट उतरून कोकण. शंभर किलोमीटरच्या आत उसाची शेते, सदाहरित आणि निमसदाहरित जंगल, उघडे सडे आणि पुन्हा कोकणातल्या बागा असा सगळा पट उलगडतो. दाजीपूरचे जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झाले. आज राधानगरी अभयारण्याचा विस्तार सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. जांभूळ, हिरडा, अंजनी, कारवी यांच्या फुलोऱ्यावर तेथे रानातली सातेरी जगते, झाडांच्या ढोलीत आणि वारुळात पोळी बांधते. डोंगरी आणि मैदानी अशा दोन माश्या खरोखरच वेगळ्या असतील, तर त्यांची गाठ पडण्याची जागा अशीच असणार. कोणत्याही दूरच्या दोन ठिकाणांच्या तुलनेपेक्षा अशा एका उतारावरचा अभ्यास अधिक बोलका ठरेल.

कारण जातीची खरी कसोटी शेजारात लागते. दोन प्राणी शेकडो मैलांवर राहत असतील, तर ते मिसळत नाहीत याचे श्रेय अंतराला जाते. एकाच रानात राहूनही ते मिसळत नसतील, तर मात्र त्यांच्यात काहीतरी अडसर आहे. हिमालयातली मोठी आग्या माशी, लॅबोरिओसा, कित्येक वर्षे आपल्या आग्याची, म्हणजे डॉर्साटाची, उपजात मानली जात होती. अरुणाचलात दोघी एकाच परिसरात आपापले वेगळेपण राखून राहतात हे दिसले, तेव्हा तिचे स्वतंत्र स्थान निःसंशय झाले. उलट बाजूचे उदाहरण सातेरी आणि युरोपीय माशी यांचे. या दोघींत मीलन होऊ शकते, पण संकरातला गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेतच मरतो. ज्या राणीला चुकून परजातीचे नर मिळाले, तिची तेवढी अंडी वाया जातात. निसर्ग अशा चुकांची किंमत वसूल करतो आणि म्हणूनच मीलनाच्या वेळा वेगवेगळ्या होत जातात. श्रीलंकेत १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुलोरीचे नर भर दुपारी, सातेरीचे नर चार-पाचच्या सुमारास आणि आग्याचे नर अंधारून येताना उडतात असे आढळले. तीन जाती, एकच आकाश, तीन पाळ्या!

राधानगरीच्या उतारावर काळ्या आणि पिवळ्या पोळ्यांचे नर एकाच वेळी उडतात की वेगवेगळ्या, याचे उत्तर शिरांच्या गुणोत्तराइतकेच मोलाचे आहे. त्याच्या जोडीला हवे केंद्रकातल्या डीएनएचे वाचन. सेरानाचा संपूर्ण जनुकसंच २०१५ मध्येच कोरियातून प्रसिद्ध झाला आहे, त्यामुळे तुलनेसाठी आधार उपलब्ध आहे. केंद्रकातले अनेक ठिकाणचे जनुक तपासले, की मिश्र वंशाची पोळी लगेच उघडी पडतात. नर तर या कामी फार सोयीचे. ते अफलित अंड्यातून जन्मतात. कामकरी माशीत ३२ गुणसूत्रे असतात, तर नरात १६. प्रत्येक जनुकाची एकच प्रत, त्यामुळे वाचनात संदिग्धता नाही. अशा अभ्यासात काळ्या आणि पिवळ्या माश्यांचे जनुक राधानगरीतही वेगळे राहिलेले आढळले, आणि काळ्या माश्या हिमालयातल्यांपासूनही स्पष्ट अलग पडल्या, तर करिंजोडियन हे नाव आपण आनंदाने पाठ्यपुस्तकात घालू.

नावाबद्दलही एक खबरदारी घ्यावी लागते. वर्गीकरणशास्त्रात आधी दिलेले नाव श्रेष्ठ, हा नियम आहे. बोर्निओतल्या तांबूस मधमाशीला १९५३ मध्ये 'एपिस व्हेक्टी' असे नवे नाव दिले गेले. पुढे लक्षात आले की तिला १९०६ सालीच 'कोशेव्निकोव्ही' हे नाव मिळाले होते. मग नवे नाव मागे पडले. सातेरीसारख्या माश्यांना एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या संशोधकांनी दिलेली बरीच नावे जुन्या कागदपत्रांत पडून आहेत. त्यांतले एखादे काळ्या डोंगरी माशीचेच निघाले, तर जात खरी ठरूनही करिंजोडियन हे नाव टिकणार नाही. जात आणि नाव या दोन वेगळ्या लढाया आहेत.

'नावात काय आहे, मध तर तोच,' असे एखादा मधपाळ म्हणेल. पण येथे नावाला पैशाचे आणि जिवाचे मोल आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये 'मधाचे गाव' झाले, आणि त्यानंतर राधानगरीला लागून असलेल्या भुदरगड तालुक्यातले पाटगावही. असे उपक्रम स्वागतार्हच आहेत. ते वाढतील तशी वसाहतींची मागणी वाढेल, आणि माश्यांनी भरलेल्या पेट्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातील. मैदानातल्या वसाहती डोंगरावर आणि डोंगरातल्या मैदानात. दोन्ही माश्या एकाच जातीच्या असतील, तर स्थानिक वाण संकराने पातळ होत जाईल. वेगळ्या जातींच्या असतील, तर चुकीच्या मीलनाने राण्या वाया जाण्याची धास्ती. दोन्हींत नुकसान आहे, पण उपाय वेगळे आहेत. शिवाय पेट्यांबरोबर रोगही प्रवास करतात. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूने केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या बहुसंख्य सातेरी वसाहती बुडवल्या, हे मधमाशीपालनाच्या क्षेत्रातला कोणीही विसरलेला नाही. केरळच्या संशोधकांनी करिंजोडियन त्यांच्या राज्यात संकटाच्या उंबरठ्यावर असल्याचे म्हटले आहे. जात ठरण्याआधीच पेट्यांची सरमिसळ झाली, तर पुढे ती ठरवण्यासाठी शुद्ध नमुनाच उरणार नाही. आमच्या दृष्टीने सर्वांत घाईची गोष्ट ही आहे. निदान नव्या वसाहती त्याच खोऱ्यातून घ्याव्यात, एवढे पथ्य आजही पाळता येईल आणि त्यासाठी कोणत्याही निबंधाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

शाळांनी काय करावे? वर्गात 'पाचवी जात' म्हणून करिंजोडियन पाठ करून घेण्यात अर्थ नाही, आणि 'केरळवाल्यांनी उगाच नाव दिले' असे म्हणून तो विषय उडवून लावण्यातही नाही. त्यांनी प्रश्न नेमका टेबलावर आणून ठेवला, हे त्यांचे श्रेय आहेच. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी या भागातल्या शिक्षकांना या कामात खरोखरीचा हातभार लावता येईल. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून एक माशीही पकडू नये. त्याची गरजही नाही. गावातल्या मधपाळाच्या पेटीखाली रोज काही मेलेल्या कामकरी माश्या पडलेल्या असतात. त्यांचे पुढचे पंख काढून काचपट्टीवर चिकटवावेत आणि शिरा मोजाव्यात. प्रत्येक पेटीतल्या दहा-वीस माश्यांचे आकडे लिहावेत, सरासरीबरोबर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडाही नोंदवावा; कारण दोन गटांच्या सरासऱ्या वेगळ्या असूनही त्यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असू शकतात. पेटी मूळची कोठली, रानातून धरलेली की विकत आणलेली, हे मधपाळाला विचारून लिहिल्याशिवाय बाकीच्या नोंदीला किंमत नाही. गावाची समुद्रसपाटीपासूनची उंचीही हवी.

नरांच्या उड्डाणाची नोंद त्याहून सोपी आहे, फक्त चिकाटी पाहिजे. नर माशी कामकरीपेक्षा जाड, काळपट, मोठ्या डोळ्यांची, आणि तिला नांगी नसते. नर असतील त्या मोसमात, स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत दर पाच मिनिटांत पेटीच्या दारातून किती नर बाहेर पडले, हे दोघा विद्यार्थ्यांनी आळीपाळीने बसून मोजायचे. पेटीच्या समोर नव्हे, बाजूला, चार-पाच हातांवर. कोल्हापूरच्या पठारावरची एक पेटी, राधानगरीतली एक, दाजीपूरच्या वाटेवरच्या गावातली एक आणि घाटाखालची एक. चारही ठिकाणच्या आलेखांचे शिखर एकाच वेळेला येते की मागेपुढे होते, ते पाहायचे.